डावा स्पीकर

थोरला बावीस किलोंचा होता, आणि गेल्या सेहेचाळीस वर्षांत त्याचं वजन वाढलंही नव्हतं, घटलंही नव्हतं. त्या घरात दुसऱ्या कोणाबद्दल असं म्हणता आलं नसतं.

थोरला म्हणजे अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर. चंदेरी तोंड, लाकडी अंगरखा, आणि समोर दोन काटे, पिवळ्या उजेडात थरथरणारे. कोणा गिऱ्हाइकाने तो दुरुस्तीला म्हणून दुकानात ठेवला आणि ते गिऱ्हाईक परत आलंच नाही. अण्णांनी वर्षभर वाट पाहिली, मग एका दुपारी त्याला घरी आणलं. त्यानंतर चार महिन्यांनी ताई जन्मली. तोवर थोरल्याचं पद भरलेलं होतं. ताई आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिला नुसतं पाहून सहाशे मुलं रांगेत उभी राहतात. पण ह्या घरात तिचा नंबर एका यंत्राच्या मागे. तिच्यामागे मधला, त्याच्यामागे धाकटी. थोरल्याला स्वतःचं मखमली आवरण होतं. भावंडं तीन आणि स्वेटर दोन होते. त्या स्वेटरवरून पुढे काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते आता उकरून काढत नाही.

तर महिन्यापूर्वी अण्णांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "थोरल्याला मला आता उचलवत नाही. जी वस्तू उचलून खालची धूळ पुसता येत नाही, ती आपली राहिली नाही. ज्याला कान आहे, तो त्याला घेऊन जाईल."

"कान सगळ्यांनाच आहेत, अण्णा," ताई म्हणाली.

"ते नुसते डोक्याला लावलेले असतात," अण्णा म्हणाले. "महिन्याभरात प्रत्येकाने एकेक जुना अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यायचा. नवा कोणीही घेईल. जुन्यातलं खरं ओळखायला कान लागतो. मी डोळे बांधून तिन्ही ऐकणार. ज्याचा सरस, थोरला त्याचा."

अण्णा मान वर करून बोलले, कारण गावात त्यांना कानवाले अण्णा म्हणत. दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली तरी लोक जुनी मशीनं खांद्यावर घेऊन तीन जिने चढून यायचे, नुसतं विचारायला: अण्णा, हे ठेवू की विकू? अण्णा ऐकायचे आणि एका शब्दात सांगायचे.

ह्यात धाकटीने स्वतः भाग घेतला नाही. ती नर्स, तिची ड्युटी. तिच्या वतीने तिचा नवरा उतरणार होता. आणि मधल्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते तिथपासून.

म्हणजे तसं ते सहा वर्षांपासून दुखतच होतं. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत माणूस, हातात सतत काहीतरी पाना नाहीतर स्क्रू, दर रविवारी सकाळी हजर. अण्णांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला वेताचं एक स्टूल होतं, त्यावर तो बसायचा. आणि तो काही बोलला की अण्णा त्याच्याकडे मान वळवायचे. नुसती मान नाही. खांद्यासकट, छातीसकट अख्खेच्या अख्खे वळायचे, जणू हा आता जगातली शेवटची बातमी सांगणार आहे. जावई सांगायचा काय, तर अमुक इमारतीतल्या लिफ्टचा दोर बदलला.

मधला उजवीकडच्या सोफ्यावर बसायचा. तो बोलला की अण्णा समोर भिंतीकडे बघत "हं" म्हणायचे. त्याचं लग्न ठरलं तेव्हा "हं." त्याने स्वतःचं चष्म्याचं दुकान घेतलं तेव्हा "हं," आणि वर, "पाटीवरचा दिवा तेवढा पांढरा लावू नकोस." त्या सहा वर्षांत अण्णा त्याच्याकडे किती वेळा वळले हे त्याने मोजलं नव्हतं, कारण शून्य मोजायला वेळ लागत नाही.

निकालाच्या आठवडाभर आधी ताईचा फोन आला.

"हे बघ, तुला मिळो की मला मिळो, घरातच राहील. काय?"

"बरोबर," मधला म्हणाला.

"त्याला मात्र नको."

"बिलकूल नको."

"चांगला आहे हं तो मुलगा. माझं काही म्हणणं नाही."

"माझंही नाही."

"हावरट आहे, एवढंच," ताई म्हणाली, आणि ह्या एका वाक्यावर बहीणभावात अकरा वर्षांनी एकमत झालं.

*

निकालाच्या दिवशी दुपारी तीन वाजता अण्णांच्या हॉलमध्ये तीन मशीनं तीन चादरींखाली झाकून टेबलावर ओळीने ठेवलेली होती.

ताईने आपलं मशीन एका निवृत्त बँक मॅनेजरकडून घेतलं होतं. मूळ खोकं, मूळ माहितीपुस्तिका, मूळ पावती. तिने अ‍ॅम्प्लिफायर घेतला नव्हता, कागदपत्रं घेतली होती. सोबत तो आला होता. जावयाचं मशीन भंगाराच्या ढिगात सापडलं होतं. ते त्याने तीन आठवडे उघडून धुतलं, आतले फुगलेले कपॅसिटर बदलले, आणि चालू-बंद करायचं बटण हरवलं होतं म्हणून तिथे लिफ्टचं बटण बसवलं. त्यावर तीनचा आकडा होता. दाबला की मशीन सुरू व्हायचं आणि आपण तिसऱ्या मजल्यावर पोचलो असं उगाच वाटायचं.

मधल्याने आपलं मशीन एका बंद पडलेल्या नृत्यवर्गाच्या मालकिणीकडून घेतलं होतं. तीनदा जाऊन बघितलं. तिसऱ्यांदा तिने संध्याकाळी दिवा घालवून ते लावून दाखवलं आणि काट्यांमागचा हिरवा-निळा उजेड पाहून मधल्याला काही ऐकू येईनासंच झालं. घरी आणल्यावर बायकोला त्याने सांगितलं की गिऱ्हाइकाने ठेवायला दिलंय.

बायको पोहायला शिकवायची. पाण्याखालच्या माणसालाही ऐकू जाईल असा तिचा आवाज होता.

"असंच तुझ्या वडिलांकडे कोणीतरी ठेवायला दिलं होतं," ती म्हणाली. "त्याला सेहेचाळीस वर्षं झाली."

आता ती सोफ्यावर त्याच्या शेजारी बसली होती. अण्णा मधोमध खुर्चीत. समोरच्या भिंतीशी दोन उंच स्पीकर. डावा खिडकीपाशी, उजवा स्वयंपाकघराच्या दारापाशी. अण्णांच्या अगदी उजव्या हाताशी, चौरंगाएवढ्या बुटक्या खुर्चीत आई, मांडीवर कपड्यांच्या बटणांचा डबा. ती गेली कित्येक वर्षं तिथेच बसत होती. कोणी सोफ्यावर बस म्हटलं तर म्हणायची, मी इथेच बरी.

"नियम ऐका," अण्णा म्हणाले. "आवाजाच्या बटणांवर ह्यांनी ठिपके लावलेत." ह्यांनी म्हणजे जावयाने, मीटर लावून तिन्ही मशीनांचा आवाज त्याने आधीच सारखा करून ठेवला होता. "ठिपक्याच्या पुढेमागे जायचं नाही. आणि स्वतःच्या मशीनला कोणी हात लावायचा नाही. ताईचं मशीन जावई जोडणार. मधल्याचं ताई जोडणार. जावयाचं मधला जोडणार. म्हणजे लबाडीला जागा नाही."

अण्णांना वायरिंग उत्तम कळायचं. आपल्याच मशीनचं भलं करू नये म्हणून त्यांनी सगळा बंदोबस्त केला होता. दुसऱ्याच्या मशीनचं वाईट कोणी करेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आयुष्यभर यंत्रांबरोबर राहिले होते.

मधल्याने दुकानातून काळी डोळेपट्टी आणली होती. ती त्याने अण्णांच्या डोळ्यांवर बांधली. बांधताना बायकोने त्याच्या हाताकडे बघितलं.

"अंगठ्याला पट्टी का लावलीयस?"

"कापलं."

"पिवळी? ही तर वायरला लावायची."

"घरात तीच होती."

त्याच्या अंगठ्यावर तारेची चिकटपट्टी होती, बोटाच्या पेराएवढी. आदल्या रात्री त्याने ती कापून ठेवली होती. ती वापरायचीच असं त्याचं ठरलं नव्हतं. जसा माणूस छत्री घेऊन निघतो, तशी त्याने ती घेतली होती.

*

पहिलं मशीन. जावयाने ताईच्या मशीनच्या मागे चार तारा नीट कसल्या, ओढून पाहिल्या, आणि रेकॉर्डवर सुई ठेवली.

चाचणीची रेकॉर्ड ठरलेलीच होती. उजवीकडून एक बाई गाते, आणि ती थांबली की डावीकडून व्हायोलिन तिला उत्तर देतं. अण्णांनी ह्या एका रेकॉर्डवर गावातली शेकडो मशीनं पारखली होती.

पाच मिनिटं ऐकून अण्णा म्हणाले, "सभ्य आहे. वेळेवर येतं, वेळेवर जातं. ह्याला सांगायचं काहीच नाहीये."

ताईचं तोंड पडलं. तिने ते लगेच उचललं आणि मधल्याच्या मशीनमागे जाऊन तारा जोडायला लागली. "लाल लालमध्येच ना रे?" तिने विचारलं. जावई म्हणाला, "हो ताई, काळी काळ्यात." ती म्हणाली, "एवढं कळतं मला."

सुई टेकली. मधल्याचे काटे हिरव्या-निळ्या उजेडात उठले, आणि मधल्याला वाटलं, आता अण्णांनी पट्टी काढून हे एकदा बघावं. पण आवाज मात्र कसातरीच येत होता. बाई जणू हंड्यात तोंड घालून गात होती. खालचा ठोका कुठे गायबच.

"पोकळ," अण्णा म्हणाले. "मोठा डबा, आत काही नाही. हे घेणाऱ्याने घेताना ऐकलेलं नाही. दिवे बघितलेत."

मधल्याला काय वाटलं असेल ते सांगायला नको. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला खरंच वाईट वाटलं होतं, त्यामुळे ते अजूनच लागलं.

"पुढचं," अण्णा म्हणाले.

मधला उठला. जावयाच्या मशीनला तारा जोडायच्या तर आधी त्या स्वतःच्या मशीनमधून सोडवायला हव्या होत्या. तो मागे वाकला आणि त्याला दिसलं: डाव्या स्पीकरची लाल तार काळ्या भोकात होती, काळी लालमध्ये. कानवाल्या अण्णांच्या घरात दूधपित्या पोरालाही ठाऊक होतं की एका स्पीकरच्या तारा उलट्या लावल्या की आवाज मरत नाही, नुसता पोकळ होतो.

त्याने डोकं वर काढून ताईकडे पाहिलं. ताई पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

त्याने तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं. अण्णा, तारा उलट्या आहेत, माझं परत ऐका. अण्णांनी ऐकलंही असतं. पण मग सगळे मागे येऊन बघणार, प्रत्येक जोडणी तपासली जाणार, आणि त्याच्या अंगठ्यावर पट्टी होती. त्याच्यापुढे दोन रस्ते होते: आपलं मशीन परत ऐकवणं, किंवा जावयाचं बिघडवणं. मधल्याने विचार करायला सुमारे दोन सेकंद घेतले. त्यातला एक पट्टी सोलण्यात गेला.

डाव्या स्पीकरच्या तारेच्या उघड्या टोकाला त्याने ती पट्टी गुंडाळली आणि टोक जागच्या जागी खोचून दिलं. वरून बघणाऱ्याला तार जोडलेली दिसत होती. आत वीज पोचणार नव्हती. मशीनला ह्याने काही होत नाही, तार नुसती सुटल्यासारखी राहते. हे अण्णांनीच शिकवलं होतं, तो आठवीत असताना, ह्याच टेबलापाशी.

तो सोफ्यावर येऊन बसला. जावयाने लिफ्टचं बटण दाबलं. टक. सुई टेकली.

बाई गायला लागली. उजवीकडून, स्वच्छ, भरल्या गळ्याने. डावा स्पीकर मुका. खिडकीपाशी नुसतं लाकडाचं कपाट उभं असावं तसा.

"डावीकडचं मेलंय ना?" बायको त्याच्या कानात म्हणाली. तिची कुजबुज म्हणजे दुसऱ्या कोणाचं बोलणं, पण गाण्यात ती बुडाली.

"गप्प."

ताईच्या डोळ्यांत समाधान पसरलं. तिने मधल्याकडे पाहून बारीक मान हलवली. अकरा वर्षांत त्याला तिच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. आता अण्णा हात वर करणार, म्हणणार, अरे थांबवा, अर्धं मशीन बंद आहे.

बाई थांबली. आता व्हायोलिनची पाळी. डाव्यातून काही येणं शक्यच नव्हतं. उजव्यातून त्याची नुसती सावली येत होती, शेजारच्या घरात कोणीतरी वाजवत असल्यासारखी.

आणि अण्णांनी डावा हात उचलला.

"ऐका," ते म्हणाले. पट्टीखाली त्यांचा चेहरा सैल पडला होता. बोट हळूहळू हलत होतं, त्या सावलीबरोबर, वर, खाली, परत वर. "व्हायोलिनवाला कुठे बसलाय बघा. तिथे. खिडकीपाशी. दिसतोय ना?"

सगळ्यांनी मुक्या स्पीकरकडे पाहिलं.

"बाई इकडे," अण्णांनी उजवं बोट केलं, "आणि तो तिकडे. मध्ये एवढी मोकळी जागा. तीन मशीनांत हे पहिलं, ज्यात गोंधळ नाही. आवाज जरा हळू आहे. पण स्वच्छ आहे, बाबा. स्वच्छ."

ताईचं समाधान अर्ध्यावर येऊन थांबलं. मधला डोळे तपासायचा धंदा करायचा. दिवसाकाठी तीस माणसं त्याच्यासमोर बसायची, आणि एका डोळ्याने कमी दिसणारा माणूस ते कसं लपवतो, कशी मान तिरपी करतो, भिंतीवरची अक्षरं कशी पाठ करून येतो, हे त्याला शंभर पावलांवरून ओळखता यायचं. आणि इथे त्याचा बाप एका कानाने बहिरा होता, कधीपासून कोण जाणे, आणि अक्षरं पाठ करून बसला होता.

"पण अण्णा," ताई म्हणाली, "डावा—"

बटणांचा डबा जमिनीवर पडला. दोनेकशे बटणं चारी दिशांना घरंगळली.

"ताई," आई म्हणाली, "खाली बस आणि वेच."

"अगं पण आई, तो डावा—"

"पांढरी वेगळी आणि रंगीत वेगळी."

सहाशे मुलांना रांगेत उभं करणारी बाई गुडघ्यांवर बसून बटणं वेचायला लागली. रेकॉर्डवरची बाई परत गायला लागली.

"कसला आवाज?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही," आई त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाली. "डबा सांडला."

"सुरुवातीपासून परत लावा. एकदाच."

मधला उठला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. तो मशीनच्या मागे गेला, तारेचं टोक बाहेर काढलं आणि नखाने पट्टी सोलली. ह्यात मोठा पश्चात्ताप होता असं नाही. हाताला चटका बसला की माणूस आधी हात मागे घेतो, तसं. जावयाने सुई परत सुरुवातीला ठेवली. आता दोन्ही स्पीकर वाजले. खोली एकदम रुंद झाली, खिडकीपाशी खरोखरच कोणीतरी व्हायोलिन घेऊन उभं राहिलं, आणि मधल्याला कळलं की जावयाचं हे भंगारातलं मशीन, तीन नंबरच्या बटणासकट, त्याने आयुष्यात ऐकलेल्या मशीनांत सगळ्यांत सुंदर होतं. थोरल्याहूनही. हे कळायला त्याला फार वाईट दिवस मिळाला होता.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली.

"हे नाही. हे दुसरंच लावलंत. मघाचं लावा."

मधल्याने जावयाकडे पाहिलं. जावयाने खाली पाहिलं.

मधल्याने तार परत बाहेर काढली. डावा मुका झाला. त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं. ते दुकानातल्याच आवाजात निघालं, दिवसातून तीस वेळा निघतं तसंच.

"अण्णा, हे बरं," तो म्हणाला. मग तार क्षणभर टेकवली. "की हे?"

"पहिलं."

त्याने तार परत काढली. "हे?"

"हां. हे." अण्णा मागे टेकले. "हेच. कोणाचं आहे?"

शेवटी मधलाच बोलला.

"जावईबापूंचं."

अण्णांनी पट्टी काढली आणि ते डावीकडे वळले. खांद्यासकट, छातीसकट, अख्खेच्या अख्खे.

"थोरला तुझा," ते म्हणाले.

*

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा सासरा राहतो त्या इमारतीत लिफ्ट नव्हती. बावीस किलोंचा थोरला, मखमली आवरणासकट, तीन जिने उतरवायचा होता. ताईची कंबर तेवढ्यात धरली. मधला म्हणाला, "मी धरतो." बायकोने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. "कापलेलं बरं झालं वाटतं," ती म्हणाली, आणि आईला बटणं वेचू लागायला गेली.

डावी बाजू मधल्याने धरली, उजवी जावयाने. पहिल्या वळणावर जावई म्हणाला,

"दादा, पट्टी काळी वापरायची. पिवळी लांबून दिसते."

मधल्याचा पाय पायरीवरून सुटता सुटता राहिला.

"बघितलं होतंस?"

"लिफ्टचं काम करतो मी. दुसऱ्याने जोडलेली तार न बघता बटण दाबायची सवय नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. म्हटलं गाणं एकदा थांबू दे." जावयाने पकड बदलली. "मग अण्णांनी व्हायोलिनवाला दाखवला."

तीनचार पायऱ्या उतरल्या.

"तुला माहीत होतं," मधला म्हणाला. त्याला हे विचारायचं होतं, पण ते आरोपासारखं निघालं. "त्यांनी तुला सांगितलं. आम्हाला कोणाला नाही, आणि तुला सांगितलं."

"मला कोणी नाही सांगितलं. मी डावीकडे बसतो ना. पहिल्या दोन रविवारी मी बोलायचो आणि ते उत्तरच द्यायचे नाहीत. मला वाटलं, जावई पसंत नाही. तिसऱ्या रविवारी मोठ्याने बोललो. तर अख्खे वळले. उजवा कान पुढे आणायला लागतो त्यांना."

मधला थांबला. म्हणून जावईही थांबला. मध्ये थोरला होता.

सहा वर्षं. दर रविवारी तो उजवीकडच्या सोफ्यावर बसून त्या वळण्याचा हेवा करत आला होता. रात्री अंथरुणात पडून त्याने ते आठवलं होतं, बायकोला नक्कल करून दाखवलं होतं. आणि त्याच्याकडे अण्णा वळत नव्हते, कारण त्याचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. एकेक शब्द. प्रत्येक "हं" खरा होता.

"आईला ठाऊक आहे?"

"त्या उजव्या हाताशी बसतात, दादा. गेली कित्येक वर्षं, त्या बुटक्या खुर्चीत. गुडघे दुखतात त्यांचे."

मी इथेच बरी. मधल्याने डोळे मिटले आणि उघडले.

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं मला," जावई म्हणाला. "तुमचा तर तपासायचाच धंदा." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलटून काहीतरी बोलता आलं असतं.

दुसरा जिना संपला. कठड्याशी वळताना थोरल्याचा कोपरा भिंतीला घासला आणि दोघांनी एकदमच "हळू" म्हटलं.

"हा तुझ्याकडे राहू दे," मधला म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही. मशीन तुझंच चांगलं होतं. दोन्ही बाजूंनी."

"थँक्यू, दादा."

"पण येत्या रविवारी वेताच्या स्टुलावर मी बसणार."

जावयाने वर पाहिलं. "डावीकडे?"

"डावीकडे."

"तिथून त्यांना ऐकू जात नाही."

"माहीत आहे."

"सोफ्यावरून तुमचं सगळं नीट ऐकू जातं, दादा. तुमची जागा चांगली आहे. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली."

"ऐकू गेलं नाही तरी चालेल," मधला म्हणाला. "वळतील ना."

जावयाने थोरल्याकडे पाहिलं, मग जिन्याच्या वरच्या टोकाकडे, जिथे ते घर होतं आणि ते स्टूल होतं. आणि मधल्याने एक गोष्ट पाहिली जी सहा वर्षांत त्याने कधी पाहिली नव्हती. जावयाच्या शांत कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, एक बारीक आठी उठली. मधला ती आठी चांगली ओळखत होता. रोज दाढी करताना तो ती आरशात बघायचा.

"एक रविवार तुम्ही," जावई म्हणाला, "एक मी."

"थोरला तुला मिळालाय."

"म्हणून तर एक सोडतोय."

"तू सहा वर्षं बसलास. आता सहा वर्षं मी बसतो."

"सहा वर्षं? दादा, मी त्या स्टुलाला स्वतःच्या हाताने वेत विणलाय."

"ते स्टूल माझ्या लहानपणापासूनचं आहे."

"पाय तुमच्या लहानपणापासूनचे. बसायची जागा माझी."

"दोन रविवार मी, एक तू."

"एकाआड एक. ह्याच्याखाली मी उतरत नाही."

"मग मीही उतरत नाही," मधला म्हणाला.

आणि पहिल्या मजल्याच्या कठड्याशी, मध्ये बावीस किलोंचा थोरला धरून, दोघे तसेच उभे राहिले. हात थरथरायला लागले होते. पण आधी खाली कोण ठेवणार, हाही आता प्रश्नच होता.